खेळाडू, करार आणि तिजोरी : गोव्याच्या फुटबॉल क्लबांचे अर्थकारण

2007-08 साली भारतात आय-लीग ही राष्ट्रीय पातळीवरील व्यावसायिक फुटबॉल स्पर्धा सुरू झाली आणि तिच्या पहिल्या सहाही हंगामांचे विजेतेपद गोव्याकडे गेले. डेंपो स्पोर्ट्स क्लबने 2007-08, 2009-10 आणि 2011-12 असे तीनदा, चर्चिल ब्रदर्सने 2008-09 आणि 2012-13 असे दोनदा, तर साळगावकर क्लबने 2010-11 मध्ये एकदा ही स्पर्धा जिंकली; जेमतेम पंधरा लाख वस्तीच्या एका राज्याने कोलकात्यासारख्या फुटबॉलवेड्या महानगराला सलग सहा वर्षे मागे ठेवले. त्याच सहा हंगामांची दुसरी एक नोंद आहे. प्रत्येक हंगामात सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ओडाफा ओकोली किंवा रँटी मार्टिन्स या दोन नायजेरियन आघाडीपटूंपैकीच कोणी तरी एक होता, आणि गोव्याच्या क्लबांकडून खेळून मोठे झालेले हे दोघेही, ओडाफा 2011 मध्ये आणि रँटी 2012 मध्ये, कोलकात्याच्या क्लबांकडे निघून गेले. ज्या क्लबांकडे देशाचे विजेतेपद होते, त्यांना देशातील सर्वांत हुकमी खेळाडू हाताशी राखता आले नाहीत, हे कसे घडले, याचा उलगडा मैदानापेक्षा हिशेबाच्या वहीत अधिक होतो.

फुटबॉल क्लबचा सारा कारभार तीन प्रश्नांभोवती फिरतो : पगारावर किती खर्च करायचा, कोणाला घ्यायचे व कोणाला सोडायचे, आणि ज्याच्या नावावर प्रेक्षक मैदानावर येतात त्या खेळाडूला किती काळ धरून ठेवायचे. हे प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी ते एकाच तिजोरीवर येऊन थांबतात, आणि त्यांपैकी एकाचे उत्तर चुकले की उरलेली दोन्ही बिघडतात. सिंधुदुर्गातील वाचकाला हा विषय समजून घेण्यासाठी युरोपकडे पाहण्याची फारशी गरज नाही. तेरेखोलच्या पलीकडे, कुडाळ किंवा सावंतवाडीहून कोकण रेल्वेने मडगाव गाठले की जवळच असलेल्या फातोर्डा मैदानावर त्याची जवळजवळ सगळी उदाहरणे गेल्या वीस वर्षांत घडून गेली आहेत. त्या उदाहरणांतून एकच निष्कर्ष पुनःपुन्हा निघतो : खेळाडू टिकवण्याची खरी ताकद मोठ्या पगारात नसते, ती क्लबच्या स्वतःच्या उत्पन्नात, वेळीच केलेल्या करारात आणि घरी घडवलेल्या पुढच्या पिढीत असते.

उत्पन्न कोठून येते

कोणत्याही व्यावसायिक क्लबच्या उत्पन्नाचे साधारण चार मार्ग असतात. पहिला मार्ग तिकीटविक्रीचा; दुसरा प्रायोजकांचा, म्हणजे खेळाडूंच्या जर्सीवर किंवा मैदानाच्या कडेला ज्यांची नावे झळकतात त्या कंपन्यांकडून येणाऱ्या पैशाचा; तिसरा, सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क विकून स्पर्धेच्या संयोजकांना जे मिळते त्यातील वाट्याचा; आणि चौथा, आपला खेळाडू दुसऱ्या क्लबला देताना मिळणाऱ्या शुल्काचा. युरोपातील मोठ्या क्लबांचा भार प्रामुख्याने प्रक्षेपण व प्रायोजक यांच्यावर असतो. भारतात मात्र हे चारही मार्ग अरुंद आहेत, आणि म्हणून येथे पाचवा मार्ग निर्णायक ठरतो, तो म्हणजे मालकाने आपल्या दुसऱ्या उद्योगातून घातलेला पैसा.

गोव्याच्या बाबतीत हा दुसरा उद्योग प्रामुख्याने लोहखनिजाचा होता. साळगावकर, डेंपो, सेझा ही नावे फुटबॉलच्या आधी खाण आणि जहाजवाहतूक यांच्याशी जोडली गेली होती. या उद्योगसमूहांनी क्लब चालवले ते नफ्यासाठी नव्हे, तर गोमंतकीय समाजात फुटबॉलला असलेल्या मानामुळे, आणि त्यांनी त्यासाठी खर्च केलेला पैसा मोलाचा होता यात शंका नाही. तथापि या व्यवस्थेत एक दुबळेपण मुळातच होते. खेळाडूचा पगार तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाच्या पैशातून न येता मालकाच्या उद्योगातून येत असल्यामुळे, क्लब कितीही जिंकला तरी त्याची पगार देण्याची ऐपत वाढत नव्हती, आणि मालकाचे मन किंवा त्याच्या धंद्याची स्थिती बदलली की क्लबच्या हाती दुसरे काहीच उरत नव्हते. 2012 साली गोव्यातील खाणकाम न्यायालयाच्या आदेशाने थांबले आणि राज्याच्या एकूण अर्थव्यवस्थेला त्याची झळ बसली, तेव्हा खेळावरील खर्चाकडेही वेगळ्या नजरेने पाहिले जाणे अपरिहार्य होते.

उत्पन्न आणि मोबदला यांचे नाते मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील रापणीत फार स्पष्ट दिसते. रापण म्हणजे किनाऱ्यापासून समुद्रात वळसा घालून टाकलेले आणि दोन्ही टोकांनी माणसांनी ओढून काढायचे लांबच लांब जाळे. ते एका घराच्या आवाक्यातले काम नसल्यामुळे अनेक जण मिळून रापण संघ चालवतात, आणि मासळी विकून आलेल्या रकमेचे ठरलेल्या रीतीने वाटे पडतात, ज्यांत माणसांच्या वाट्यांबरोबर होडी आणि जाळे यांचाही वाटा धरला जातो. मासळी कमी आली तर वाटा कमी होतो, पण होडी-जाळ्याचा वाटा काढून ठेवलेला असल्यामुळे पुढच्या हंगामात रापण पुन्हा समुद्रात उतरू शकते. फुटबॉल क्लबची अडचण अशी की तेथे पगार हंगामापूर्वी ठरतो आणि उत्पन्न हंगाम संपल्यावर कळते; त्यामुळे मासळी येण्याआधीच वाटे वाटून मोकळे होण्याचा धोका त्याच्यापुढे कायम असतो.

पगाराचे प्रमाण

खेळाडूचा पगार म्हणजे केवळ दरमहा बँकेत जमा होणारी रक्कम नव्हे. करारावर सही करताना दिली जाणारी एकरकमी रक्कम, प्रत्येक सामन्यासाठी किंवा गोलसाठी ठरलेला बोनस, विजेतेपद मिळाल्यास द्यावयाचे बक्षीस, परदेशी खेळाडूच्या घराचा व विमानप्रवासाचा खर्च, आणि त्याच्या वतीने बोलणी करणाऱ्या एजंटची दलाली हे सारे धरून जी बेरीज होते ती क्लबच्या दृष्टीने त्या खेळाडूची खरी किंमत असते. संघातील सर्व खेळाडूंच्या अशा बेरजेचे क्लबच्या एकूण उत्पन्नाशी असलेले प्रमाण म्हणजे पगार-उत्पन्न प्रमाण, आणि क्लबची प्रकृती तपासताना जाणकार सर्वांत आधी हाच आकडा पाहतात. युरोपीय फुटबॉलची नियामक संस्था असलेल्या युएफाने खेळाडू व प्रशिक्षकांचे पगार, ट्रान्सफरचा खर्च आणि एजंटची दलाली मिळून होणारा खर्च उत्पन्नाच्या 70 टक्क्यांपेक्षा अधिक असू नये असा नियम टप्प्याटप्प्याने आणला. 2023-24 मध्ये ही मर्यादा 90 टक्के होती, पुढच्या वर्षी 80 आणि 2025-26 पासून 70 टक्के झाली.

हे प्रमाण हाताबाहेर गेले की काय होते, याचे जगाने पाहिलेले उदाहरण बार्सिलोनाचे आहे. ऑगस्ट 2021 मध्ये लिओनेल मेस्सीला क्लबमध्ये राहायचे होते आणि क्लबलाही तो हवा होता. तरीही त्याला जावे लागले, कारण स्पॅनिश लीगच्या खर्चमर्यादेत त्याचा नवा करार बसेना. क्लबचे अध्यक्ष जुआन लापोर्ता यांनी त्या वेळी सांगितले की मेस्सीला धरून पगाराचा खर्च उत्पन्नाच्या 110 टक्के होत होता आणि त्याला वगळूनही तो 95 टक्के होता. म्हणजे जगातील एका सर्वांत श्रीमंत क्लबचा हुकमी खेळाडू गेला तो त्याच्या स्वतःच्या मागणीमुळे नव्हे, तर आधीच्या अनेक वर्षांत इतरांना दिलेल्या अवाजवी करारांच्या ओझ्यामुळे. एका खेळाडूचा पगार एकदम वाढवला की ड्रेसिंग रूममधील इतरही आपली किंमत त्याच मापाने मोजू लागतात, आणि मूळ वाढीपेक्षा तिच्यामागून येणाऱ्या वाढीच क्लबला अधिक महागात पडतात.

भारतात 2014 साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगने, म्हणजे आयएसएलने, यावर पगारमर्यादेचा उपाय योजला. प्रत्येक क्लबने संपूर्ण संघाच्या पगारावर एका हंगामात किती खर्च करावा याची कमाल मर्यादा ठरवण्यात आली, आणि ती वेगवेगळ्या हंगामांत साधारण 16 ते 18 कोटी रुपयांच्या दरम्यान राहिली. अशा मर्यादेत एका परदेशी आघाडीपटूला मोठी रक्कम देण्याचा निर्णय म्हणजे त्याच वेळी दोन-तीन भारतीय खेळाडूंना कमी रक्कम देण्याचा निर्णय असतो. शिवाय मैदानावर एका वेळी उतरवता येणाऱ्या परदेशी खेळाडूंची संख्या 2021-22 पासून पाचवरून चारवर आली, त्यामुळे सात भारतीय खेळाडू अत्यावश्यक झाले आणि राष्ट्रीय संघात खेळणाऱ्या मोजक्या भारतीय खेळाडूंचे भाव चढले. मागणी वाढली तरी चांगल्या खेळाडूंची संख्या एका वर्षात वाढत नाही, हे या भाववाढीचे साधे कारण आहे.

कराराची मुदत आणि ट्रान्सफर

फुटबॉलमध्ये खेळाडू विकला जातो असे म्हणण्याची रीत असली तरी प्रत्यक्षात विकला जातो तो कराराचा उरलेला काळ. खेळाडूने क्लबशी तीन वर्षांचा करार केला असेल आणि त्यातील दोन वर्षे शिल्लक असतील, तर त्याला हवा असलेल्या दुसऱ्या क्लबने पहिल्या क्लबला ती दोन वर्षे सोडून देण्याबद्दल भरपाई द्यावी लागते. हीच ट्रान्सफर फी किंवा हस्तांतर शुल्क. करार संपल्यावर मात्र खेळाडू मोकळा होतो आणि जुन्या क्लबला काहीही मिळत नाही. युरोपात हे तत्त्व 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने जाँ-मार्क बोस्मान या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात दिलेल्या निर्णयाने पक्के झाले, आणि फिफाच्या नियमांनुसार आज जगभर खेळाडूला कराराच्या अखेरच्या सहा महिन्यांत पुढच्या क्लबशी आगाऊ करार करता येतो. पॅरिस सेंट-जर्मेनने सुमारे 18 कोटी युरो मोजून घेतलेला किलियन एम्बापे 2024 मध्ये करार संपवून गेला, तेव्हा त्या क्लबच्या हाती एक युरोही पडला नाही.

यावरून क्लबच्या वेळापत्रकातील सर्वांत महत्त्वाचा दिवस कोणता हे लक्षात येते. तीन वर्षांच्या करारावर आलेला खेळाडू दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस चमकू लागला की क्लबने त्याच उन्हाळ्यात दोहोंपैकी एक ठरवायचे असते : पगार वाढवून करार लांबवायचा, किंवा चांगली किंमत येत असताना त्याला सोडायचे. हा निर्णय एका वर्षाने पुढे ढकलला की बोलणी करण्याची सारी ताकद खेळाडूकडे जाते, कारण त्याला आता थांबण्याचाच फायदा असतो. याखेरीज अनेक करारांत रिलीज क्लॉज असते, म्हणजे अमुक इतकी रक्कम कोणी भरली तर क्लबला खेळाडू सोडावाच लागेल असे कलम. ते खेळाडूला आश्वासन देते आणि क्लबला किमान किमतीची हमी देते, पण ती रक्कम कमी ठेवली गेली तर प्रतिस्पर्ध्यासाठी दार उघडे राहते.

हिशेबाच्या वहीत ट्रान्सफरची नोंद कशी होते हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका क्लबने दीड कोटी रुपये शुल्क देऊन एका खेळाडूला तीन वर्षांसाठी घेतले आणि त्याचा पगार वर्षाला एक कोटी ठरवला. शुल्काचे दीड कोटी पहिल्याच वर्षी खर्ची न टाकता तीन वर्षांत समान विभागले जातात, म्हणजे त्या खेळाडूवरील वार्षिक खर्च पगाराचे एक कोटी आणि शुल्काचे 50 लाख मिळून दीड कोटी होतो. दोन वर्षांनंतर वहीत त्याची शिल्लक किंमत 50 लाख राहते. तेव्हा तो 80 लाखांना दिला तर 30 लाखांचा नफा होतो, आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तो मोकळा होऊन गेला तर नफा शून्य. याउलट क्लबच्याच अकादमीत वाढलेला खेळाडू 80 लाखांना दिला तर ट्रान्सफर शुल्काचा भार नसल्यामुळे जवळजवळ सगळी रक्कम नफ्यात जमा होते. मध्यम ऐपतीच्या क्लबला अकादमी का परवडते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

तिसरा मार्ग लोनचा, म्हणजे खेळाडू ठरावीक काळासाठी उसना घेण्याचा. चर्चिल ब्रदर्सने 2012-13 चे विजेतेपद मिळवले त्या हंगामाच्या उत्तरार्धात सुनील छेत्री पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबकडून लोनवर या संघात आला होता. दोन वर्षांपूर्वी ओडाफाला गमावलेल्या क्लबने त्याच्याच तोलाचा एकच खेळाडू विकत घेण्याचा हट्ट न धरता गोल करण्याचे काम अनेकांत वाटले, गरज पडली तेव्हा उसनवार केली, आणि लीग जिंकली. रँटीला घेणाऱ्या कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडची कथा याच्या उलट आहे. डेंपोसाठी 2011-12 मध्ये विक्रमी 32 गोल करणाऱ्या रँटीने नव्या क्लबकडूनही पुढच्या हंगामात 26 गोल केले, कोस्टा रिकाकडून विश्वचषक खेळलेला कार्लोस हर्नांदेझही त्या संघात होता. पण हा सारा डोलारा एका प्रायोजकावर उभा होता आणि प्रायोजक बाजूला होताच तो खचला. 2014 मध्ये क्लब-परवान्याच्या निकषांवर युनायटेड आणि चर्चिल ब्रदर्स या दोघांनाही आय-लीगबाहेर व्हावे लागले, म्हणजे मैदानावरील शहाणपणही कागदोपत्री शिस्तीची जागा घेऊ शकले नाही.

डेंपोचा अनुभव वेगळ्या प्रकारचा आहे. आर्मांदो कुलासो यांच्या दीर्घ प्रशिक्षणाखाली या क्लबने क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी अशा गोमंतकीय आंतरराष्ट्रीय खेळाडूंचा कणा तयार केला आणि त्याला रँटी व ब्राझीलच्या बेटोसारख्या परदेशी खेळाडूंची जोड दिली. आय-लीगपूर्वीची राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच विजेतेपदे या रचनेने दिली. परंतु हा कणा एकाच पिढीचा होता आणि ती पिढी एकदमच तिशीत पोचली. 2012 मध्ये रँटी गेला, पुढे 2014-15 च्या हंगामाअखेर डेंपो एका हंगामासाठी दुसऱ्या श्रेणीत घसरला. 2016 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल महासंघाने आय-लीगला दुय्यम स्थान देण्याचा आराखडा मांडला तेव्हा त्याच्या निषेधार्थ डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही क्लब त्या स्पर्धेतून बाहेर पडले आणि गोव्याच्या फुटबॉलमधील एक पर्व संपले.

गोवा आणि मुंबई : एका उन्हाळ्याचा हिशेब

एफसी गोवा या क्लबची स्थापना 2014 मध्ये आयएसएलसाठी झाली. स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा 2017 मध्ये आल्यावर या संघाने आक्रमक खेळाची जी शैली घडवली तिचा केंद्रबिंदू फेरान कोरोमिनास हा आघाडीपटू होता; त्याने आयएसएलच्या 57 सामन्यांत 48 गोल केले आणि सलग दोन हंगाम सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. 2019-20 मध्ये क्लबने साखळी फेरीत अव्वल राहून लीग शील्ड जिंकली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोचणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला. त्यानंतरच्या काही महिन्यांत हा संघ विस्कटला. लोबेरा यांना हंगाम संपण्याआधीच दूर करण्यात आले होते. ते मुंबई सिटीकडे गेले. मुंबई सिटीचे बहुमताचे भाग 2019 च्या अखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालकसमूहाने, विकत घेतले होते, आणि त्या बळावर या क्लबने अहमद जाहू, मुर्तदा फॉल, म्हापशाचा मंदार राव देसाई आणि हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरलेला ह्युगो बुमूस यांना आपल्याकडे आणले. बुमूससाठी रिलीज क्लॉजची जी रक्कम मोजली गेली ती तेव्हा सुमारे 1.6 कोटी रुपये असल्याचे प्रसिद्ध झाले. कोरोमिनासही त्याच उन्हाळ्यात क्लब सोडून गेला.

कोविडमुळे 2020-21 चा संपूर्ण हंगाम प्रेक्षकांविना गोव्यातच खेळवला गेला, आणि उपांत्य फेरीत एफसी गोवासमोर मुंबई सिटी उभी राहिली. पहिला सामना 2-2, दुसरा गोलशून्य, आणि अखेर पेनल्टी शूटआउटमध्ये मुंबईने 6-5 अशी बाजी मारली. त्यानंतर 13 मार्च 2021 रोजी फातोर्डावरच मुंबईने एटीके मोहन बागानला 2-1 ने हरवून विजेतेपद मिळवले. गोव्याच्या माणसाला आपल्याच मैदानावर आपलेच माजी खेळाडू दुसऱ्याच्या जर्सीत चषक उचलताना पाहावे लागले. परंतु या साऱ्यात एक बाजू सहज नजरेआड होते : पाठीचा कणाच काढून घेतलेला संघ नवा प्रशिक्षक हुआन फेरांडो आणि नवा आघाडीपटू इगोर अंगुलो यांच्यासह विजेत्याला पेनल्टीपर्यंत खेचू शकला, अंगुलो त्या हंगामात 14 गोलांसह अव्वल ठरला, आणि एप्रिल 2021 मध्ये त्याच क्लबने आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये कतारच्या अल रय्यान आणि अमिरातीच्या अल वाहदा या संघांना बरोबरीत रोखले.

दुर्दैवाने त्या अनुभवातून घ्यायचा धडा अपुरा राहिला. 2021 मध्ये अंगुलोही मुंबई सिटीकडे गेला आणि डिसेंबरमध्ये, ऐन हंगामात, फेरांडो यांच्या करारातील रिलीज क्लॉज वापरून एटीके मोहन बागानने त्यांनाही नेले. 2021-22 मध्ये एफसी गोवा नवव्या स्थानावर गेला. एक हुकमी खेळाडू जाणे क्लब सोसू शकतो. पण एकाच वेळी प्रशिक्षक, त्याची शैली आणि तिच्यात मुरलेले चार-पाच खेळाडू जाणे ही वेगळी आपत्ती असते, आणि ती टाळण्याचा उपाय म्हणजे महत्त्वाच्या सर्व करारांची मुदत एकाच उन्हाळ्यात संपू न देणे. ज्या क्लबांचे करार पायरीपायरीने संपतात, त्यांना दरवर्षी संघाचा थोडासाच भाग बदलावा लागतो.

घरी घडवलेली पिढी

खेळाडू घडवणाऱ्याला त्याचा मोबदला मिळावा यासाठी फिफाने दोन तरतुदी केल्या आहेत. प्रशिक्षण-भरपाई ही पहिली : खेळाडूने पहिला व्यावसायिक करार केला, किंवा वयाची 23 वर्षे पूर्ण होण्याच्या हंगामापर्यंत तो दुसरीकडे गेला, तर त्याला वाढवणाऱ्या क्लबांना भरपाई मिळते. एकजूट-वाटा ही दुसरी : कराराच्या मुदतीत शुल्क देऊन खेळाडूचे ट्रान्सफर झाले की त्या शुल्कातील 5 टक्के रक्कम त्याला वयाच्या 12 ते 23 वर्षांच्या काळात घडवणाऱ्या क्लबांत वाटली जाते. रकमा लहान असल्या तरी गावपातळीवरील क्लबच्या दृष्टीने त्या मोलाच्या असतात, मात्र त्यासाठी खेळाडूची नोंदणी कागदोपत्री नीट असावी लागते.

नोंदणी आणि करार यांकडे वेळीच लक्ष न दिल्यास काय गमवावे लागते हे गोव्याच्या लिस्टन कुलासोच्या वाटचालीत दिसते. साळगावकर क्लबमधून वर आलेला हा खेळाडू एफसी गोवाकडे फारशी संधी न मिळता 2020 च्या सुरुवातीस हैदराबादला गेला, तेथे एका हंगामात चमकला, आणि 2021 मध्ये एटीके मोहन बागानने त्याच्यासाठी भारतीय खेळाडूच्या बाबतीत तोवर विक्रमी मानले गेलेले शुल्क हैदराबादला दिले. घडवले गोव्याने आणि शुल्क घेतले दुसऱ्याने. एफसी गोवाने पुढे तरुण स्थानिक खेळाडूंना अधिक संधी दिली, आणि त्याचे फळ 2024 मध्ये दिसले. त्या उन्हाळ्यात मडगावचा ब्रँडन फर्नांडिस मुंबई सिटीकडे आणि मोरोक्कोचा नोआ सदावी केरळ ब्लास्टर्सकडे गेला, म्हणजे संघाचे दोन प्रमुख शिल्पकार एकदम गेले. तरीही 2024-25 मध्ये संघ साखळीत दुसरा आला आणि 2025 मध्ये सुपर कप जिंकला. ऑक्टोबर 2025 मध्ये सौदी अरेबियाचा अल नास्र हा जगातील सर्वांत महागड्या खेळाडूंपैकी काहींचा संघ फातोर्डावर खेळायला आला, तेव्हा एफसी गोवा 1-2 ने हरला खरा, पण गोव्याचा एकमेव गोल गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसने केला.

पगार थकला की

हुकमी खेळाडूला धरून ठेवण्याची चर्चा करताना सर्वांत मूलभूत अट विसरली जाते, ती म्हणजे ठरलेला पगार ठरलेल्या दिवशी देणे. फिफाच्या नियमांनुसार क्लबने दोन महिन्यांचा पगार थकवला आणि खेळाडूने लेखी सूचना देऊन 15 दिवसांची मुदत दिल्यावरही तो मिळाला नाही, तर खेळाडूला न्याय्य कारणाने करार मोडता येतो. 2021-22 मध्ये आयएसएल जिंकणाऱ्या हैदराबादवर दोनच वर्षांत हीच वेळ आली : पगार थकले, नवे खेळाडू नोंदवण्यास फिफाची बंदी आली, 2023-24 च्या मध्यावर खेळाडू एकामागून एक निघून गेले, संघ तळाला राहिला, आणि 2025 मध्ये तो क्लबच दिल्लीला हलवण्यात आला. दीर्घ मुदतीचे करार, रिलीज क्लॉज आणि त्यांमागचे सारे नियम यांचा उपयोग पगार थकताच संपतो.

2025 मध्ये हे संकट संपूर्ण लीगवर आले. राष्ट्रीय महासंघ आणि आयएसएलची संचालक कंपनी यांच्यातील 2010 सालचा 15 वर्षांचा करार डिसेंबर 2025 मध्ये संपत होता. तो वेळेत नव्याने न झाल्यामुळे हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होऊ शकला नाही, आणि सामनेच नसतील तर प्रायोजक व प्रक्षेपणाचा पैसा कोठून येणार या चिंतेने काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. बंगळूरू एफसीने ऑगस्टमध्ये तसे जाहीरच केले. सिटी फुटबॉल ग्रुपही डिसेंबरमध्ये मुंबई सिटीतून बाहेर पडला. ज्या क्लबने 2020 मध्ये गोव्याचा संघ आपल्याकडे ओढला होता, त्याच्या मागचा धनाढ्य मालक पाच-सहा वर्षांत निघून गेला, ही गोष्ट या साऱ्या विवेचनाचे सार सांगणारी आहे : बाहेरून आलेल्या पैशाने खेळाडू आणता येतात, पण क्लब टिकतो तो स्वतः कमावलेल्या पैशावर.

गोव्याच्या या इतिहासातून सिंधुदुर्गासारख्या शेजारी जिल्ह्याने घ्यायचा बोध स्पष्ट आहे. राष्ट्रीय लीगमध्ये या जिल्ह्याचा क्लब आज नाही, पण येथील मैदानांवर खेळणारी मुले आहेत, आणि सीमेपलीकडच्या क्लबांचे निवडकर्ते त्यांच्यापर्यंत कधीही पोचू शकतात. म्हणून शाळा, मंडळे आणि पालक यांनी प्रत्येक मुलाची नोंदणी वेळेवर आणि योग्य क्लबच्या नावाने करावी, पहिल्या करारावर सही करण्यापूर्वी त्याची मुदत, बोनस आणि रिलीज क्लॉज जाणकाराकडून वाचून घ्यावेत, आणि जे स्थानिक मंडळ उद्या क्लब म्हणून उभे राहू इच्छिते त्याने एका मोठ्या देणगीदाराच्या भरवशावर खेळाडू जमवण्याआधी दहा वर्षे पुरेल अशी मुलांची अकादमी आणि दरवर्षी जाहीर होणारा जमाखर्च उभा करावा. ज्या क्लबची वही सरळ आहे आणि ज्याच्या मैदानावर पुढची पिढी तयार होत आहे, त्या क्लबचा हुकमी खेळाडू गेला तरी क्लब जात नाही.